लोक विचारतात, पण उत्तर लेकीने का द्यायचं?

पत्र

नमस्कार ताई,

माझी लेक आठ वर्षांची आहे. दुसरीत असताना आम्ही दोघांनी नीट विचार करून तिला शाळेतून काढलं आणि आता ती घरीच शिकते. शाळेशी भांडण वगैरे काही झालं नव्हतं, पण ती रोज सकाळी पोट दुखतंय म्हणायची, वाचायची आवड होती तीही गेली होती, आणि आम्हाला दोघांनाही तिला वेळ देणं जमणार होतं. आता ती मजेत आहे. सध्या चंद्राचं वेड लागलंय, रोज किती वाजता उगवला ते वहीत लिहून ठेवते. त्रास बाकीच्यांचा होतो. पाहुणे आले की सासूबाई सगळ्यांसमोर तिला विचारतात, "सतरा नव्वे किती, सांग बरं?" ती आधी माझ्या तोंडाकडे बघते, मग बोलते, कधी येतं कधी नाही येत. सासूबाईंना स्वतःला सातवीनंतर शाळा सोडावी लागली होती, म्हणून त्यांना हे जास्त लागलंय असं नवरा म्हणतो. नणंद शिक्षिका आहे, ती तोंडावर सांगते की तुम्ही मुलीचं नुकसान करताय. शेजारी विचारतात, "काय गं, आज पण सुट्टी?" नवरा या निर्णयात पूर्ण माझ्यासोबत आहे, पण त्याच्या घरच्यांसमोर गप्प बसतो. पुढच्या महिन्यात घरात कार्य आहे, सगळे जमणार, म्हणून मी सध्या तिच्याकडून रोज पाढे घोकून घेतेय. काल ती म्हणाली, "आई, मला नाही आलं तर परत शाळेत पाठवणार का?" ताई, मी चुकतेय का? लोकांना काय उत्तर देऊ?

एक आई

उत्तर

प्रिय आई,

तुमचं पत्र वाचताना सासूबाई, नणंद, शेजारी या सगळ्यांपेक्षा मला तुमच्या लेकीचं ते शेवटचं वाक्य जास्त टोचलं. "मला नाही आलं तर परत शाळेत पाठवणार का?" म्हणजे तिने मनात हिशेब मांडून टाकलाय की आपण घरी शिकायचं की नाही हे आपल्या उत्तरांवर ठरणार आहे, आपण चुकलो तर आईची मान खाली जाणार आणि आपलं सगळं बदलणार. आठ वर्षांच्या पोरीवर एवढं ओझं. आणि ते तिच्यावर कुणी मुद्दाम टाकलेलं नाही, सासूबाईंनी पण नाही आणि तुम्ही तर नाहीच. पण ते आलंय, आणि आधी ते उतरवायचं, लोकांचं नंतर बघू.

पाढे घोकून घेणं आजपासून बंद करा. पाढे वाईट असतात म्हणून नाही हं, पाढे आले तर पुढे भागाकार, अपूर्णांक सगळं सोपं जातं, ते जरूर शिकवा, पण कार्य झाल्यावर आणि तिच्या वेगाने शिकवा. आत्ता ते पाढे तिच्यासाठी चाललेलेच नाहीत, ते पाहुण्यांसाठी चाललेत आणि हे तिला बरोबर कळतंय. घरी शिकवणाऱ्या आईबापांचं हे खूप ठिकाणी होतं, बाहेरून टोमणे यायला लागले की आपण नकळत लोकांना दाखवता येईल तेच शिकवायला लागतो, पाठांतर, सुंदर अक्षर, इंग्रजीतली भाषणं, आणि जे दाखवता येत नाही ते मागे पडतं. मग शाळेत निदान परीक्षेचा दिवस ठरलेला असतो, इथे दारावरची बेल वाजली की परीक्षा सुरू, अशी गत होते.

लेकीशी आजच बोला, आणि बोलायला समोर बसवून गंभीर चेहरा वगैरे करू नका, काहीतरी हातात काम असताना बोला. तिला एवढंच स्वच्छ सांगा की तू घरी शिकायचं हे बाबांनी आणि मी ठरवलंय, ते तुझ्या पाढ्यांवर अवलंबून नाही, कुणी काहीही विचारलं आणि तुला आलं नाही तरी काहीही बदलणार नाही. उद्या बदलायचं झालं तर तुला विचारून, तुझ्याशी बोलून बदलू. आणि दुसरं, कुणी पटकन प्रश्न विचारला आणि तुला उत्तर द्यावंसं वाटलं नाही तर "मला आत्ता नाही सांगायचं" असं म्हणायची तुला परवानगी आहे, तो उद्धटपणा नाही. हे वाक्य तिच्याकडून दोनचारदा मोठ्याने म्हणून घ्या, कारण मोठ्यांना नाही म्हणायची सवय मुलांना नसते, तोंडातून शब्द फुटत नाहीत. ती दरवेळी आधी तुमच्या तोंडाकडे बघते असं तुम्ही लिहिलंय ना, ते लक्षात ठेवा. ती तिथे उत्तर शोधत नाहीये, आई घाबरलीय का ते बघतेय. तुम्ही त्या क्षणी शांत दिसलात तर अर्धं काम झालं.

आता सासूबाई. मला त्यांच्याबद्दल थोडं जास्त लिहायचंय, कारण तुमच्या पत्रात त्या खलनायिकेसारख्या आल्यात आणि मला त्या तशा वाटत नाहीत. त्यांना सातवीनंतर शाळा सोडावी लागली. का लागली ते तुम्ही लिहिलेलं नाही, कदाचित तुम्हालाही नीट माहीत नसेल. पण ज्या बाईची स्वतःची शाळा तिच्या मनाविरुद्ध सुटली, तिला "नातीला शाळेतून काढलं" हे वाक्य कसं ऐकू येत असेल याचा विचार करा. तुमच्यासाठी तो पूर्ण विचार करून घेतलेला, मुलीला जास्त द्यायचा निर्णय आहे. त्यांच्या कानाला ते तेच ऐकू येतंय जे त्यांच्याबाबतीत झालं, पोरगी घरी बसली. त्या पिढीत ज्या मुली घरी राहिल्या त्या शिकायला राहिल्या नव्हत्या, कामाला राहिल्या होत्या. त्यामुळे पाहुण्यांसमोर पाढे विचारणं हे मला तरी कुचकेपणापेक्षा धास्तीचं वाटतं, नात मागे पडली नाही ना हे त्या पुन्हापुन्हा चाचपून बघतायत, आणि शिक्षण मोजायचं त्यांच्याकडे असलेलं माप म्हणजे पाढे, कारण तेवढंच त्यांच्या वाट्याला आलं. पाहुण्यांसमोर विचारणं चूक आहेच, ते थांबलंच पाहिजे. पण धास्तीला वादाने उत्तर देता येत नाही.

एक दिवस दोघीच असताना त्यांना विचारा, "आई, तुमची शाळा कशी सुटली?" आणि मग गप्प बसून ऐका. मध्येच "पण आमचं तसं नाही हो" असं अजिबात म्हणू नका, तो मोह आवरा, त्यांचं पूर्ण होऊ द्या. कदाचित त्यांना हे आजवर कुणी विचारलंही नसेल. ते ऐकून झाल्यावर, त्याच दिवशी नाही तर दोन दिवसांनी, सांगा की तुमची शाळा सुटली तसं हिचं शिक्षण सुटलेलं नाही, आणि ते तुम्ही स्वतः बघावं असं मला वाटतं.

आणि खरंच बघू द्या. ती चंद्राची वही आहे ना, ती सोन्यासारखी गोष्ट आहे, तुम्ही पत्रात एका ओळीत उरकलीत. चंद्र रोज साधारण पन्नासेक मिनिटं उशिरा उगवतो, पण रोज मोजून पन्नास नाही, कधी कमी कधी जास्त, आणि हे लेकीच्या वहीत पुढेमागे दिसायला लागेल. कालची वेळ आजच्या वेळेतून वजा करायची म्हणजे तासामिनिटांची वजाबाकी आली, तिथे दहाऐवजी साठ उसने घ्यायचे, ते भल्याभल्या पोरांना जमत नाही. आठवड्याच्या नोंदी झाल्या की सरासरी काढता येते. मग प्रश्न येतो की उशीर होतोच का, तर पृथ्वी स्वतःभोवती एक फेरी पूर्ण करेपर्यंत चंद्र आपल्या वाटेवर थोडा पुढे सरकलेला असतो, त्याला गाठायला पृथ्वीला अजून थोडं फिरावं लागतं. हे सगळं एका वहीत आहे. आता यात आजीला घ्या. पौर्णिमेनंतर चारेक दिवसांनी चंद्र रात्री साडेनऊ-दहाच्या आसपास उगवायला लागतो, तोवर लेक झोपलेली असेल, तर ती नोंद आजीने करायची. आजीने वेळ बघून वहीत लिहायची, त्यांच्या अक्षरात. सकाळी नात उठून आधी वही बघेल की आजीने काय लिहिलंय. मला तुमच्या सासूबाईंचा स्वभाव माहीत नाही, त्या पहिल्याच दिवशी तयार होतील असं काही मी म्हणत नाही, पण लांब बसून पाढे विचारणाऱ्या माणसाला जवळ बसायला जागा दिली की त्याचे प्रश्न बदलतात, हे मी बऱ्याच घरांत बघितलंय.

तुमच्या नवऱ्याबद्दल मी स्पष्ट बोलते. तो तुमच्यासोबत आहे ही चांगली गोष्ट आहे, पण बंद खोलीत सोबत असणं पुरत नाही. त्याच्या आईशी आणि बहिणीशी त्याने बोलायचं, तुम्ही नाही. तुम्ही बोललात की ते सुनेचं खूळ ठरतं, तो बोलला की दोघांचा निर्णय ठरतो, शब्द तेच असले तरी. आणि तो गप्प बसतो तेव्हा सगळ्यांना वाटतं की याला मनातून पटलेलं नाही, म्हणजे अजून जोर लावला तर फिरेल, त्यामुळे त्याच्या गप्प बसण्याने वाद टळत नाही, उलट लांबतो. त्याला मोठं भाषण करायची गरज नाही. आईला एकटीला गाठून एवढंच म्हणायचं, "आई, हे मी आणि तिने मिळून ठरवलंय, तुला काळजी वाटते ते मला कळतं, तुला काय विचारायचं ते मला विचार, पण लेकीला लोकांसमोर प्रश्न विचारू नकोस, ती घाबरते." आणि त्यानंतरही पाहुण्यांसमोर प्रश्न आलाच तर त्यानेच तिथल्या तिथे, आवाज न चढवता, "आई, आपलं ठरलंय ना" म्हणायचं आणि विषय बदलायचा. तुम्ही मध्ये पडायचं नाही. हे त्याला जड जाणार, आईला असं सांगणं सोपं नसतं, पण घरी शिकवणं दोघांनी ठरवलं तर त्यातला हा अवघड भाग पण दोघांचा.

नणंदेचं वेगळं आहे. तिने हे कुणाला बोलून दाखवलं नसेल, पण तुमचा निर्णय तिला आपल्या कामावर शेरा मारल्यासारखा लागला असणार. ती रोज वर्गभर मुलांना जीव तोडून शिकवते आणि घरातलीच भाची शाळेत नको म्हणून घरी बसते, तिच्या जागी मी असते तरी मला लागलं असतं. तेव्हा शाळा कशी वाईट, तिथे मुलं कशी कोमेजतात असल्या गोष्टी तिच्यासमोर बोलूच नका, त्या सगळ्या शाळांबद्दल खऱ्या पण नाहीत. तिला सांगा की हा निर्णय एका मुलीपुरता आहे, शाळांबद्दलचं मत नाही. आणि तिची मदत मागा, खोटी नाही, खरी. वर्षानुवर्षं मुलांना शिकवणाऱ्या बाईला माहीत असतं की अपूर्णांक शिकताना पोरं नेमकी कुठे अडकतात, की छेद मोठा म्हणजे संख्या मोठी असं वाटून एक चतुर्थांशापेक्षा एक अष्टमांश मोठा सांगतात, आणि ते कसं सोडवायचं. ते ज्ञान तुम्हाला लागणारच आहे. ती मदत करायला नाही म्हणाली तरी तुम्ही विचारलंत हे तिच्या लक्षात राहील.

शेजाऱ्यांना आणि लांबच्या नातेवाइकांना मात्र काहीही समजावून सांगू नका. "हो, ती घरी शिकते, छान चाललंय" एवढं हसून सांगा आणि त्यांच्या घरचं काहीतरी विचारा. आपल्याला वाटतं की अजून थोडं नीट सांगितलं तर पटेल, पण चालताचालता विचारणाऱ्याला पटवून घ्यायचं नसतं, आणि आपण जितकी कारणं देऊ तितके नवे प्रश्न तयार होतात, दहा मिनिटांनी आपण आपल्याच दारात आरोपीसारखे उभे असतो. फॅमिली ग्रुपवर कुणी लेख टाकला तर उत्तर देऊ नका. तसंच होमस्कूलिंगवाल्या मुलांना शाळेतल्या मुलांपेक्षा जास्त मार्क पडतात वगैरे आकडे नेटवर सापडतात ते पण कुणाच्या तोंडावर फेकू नका, त्यातले बरेच अभ्यास स्वतःहून पुढे आलेल्या कुटुंबांवर केलेले आहेत, ज्यांचं बरं चाललंय तीच जास्त करून पुढे येतात, त्यामुळे त्यावरून तुमच्या मुलीबद्दल काहीच सिद्ध होत नाही.

आता तुम्हाला कदाचित न आवडणारं एक सांगते. नापसंती दाखवणारा प्रत्येक जण चूक नसतो. लोकांच्या बोलण्यातला सूर बाजूला ठेवा आणि आत काही खरं आहे का ते तुम्ही दोघं अधूनमधून शांतपणे बघत जा. "चार मुलांत मिसळणार कशी" हा प्रश्न ऐकून ऐकून तुमचे कान किटले असतील, पण तो फालतू प्रश्न नाही. तिला ठरलेल्या दिवशी, त्याच त्याच मुलांबरोबर, मोठ्यांनी मध्ये न पडता खेळायला मिळतं का? भांडण होऊन परत बोलणं सुरू होतं का? एकदोन वेळा पार्कात गेलो याने मैत्री होत नाही, त्याला तीच माणसं पुन्हा भेटावी लागतात, मग ते खेळाचं मैदान असो, नाचाचा क्लास असो की लायब्ररी. आणि मैत्रीइतकंच महत्त्वाचं, आईबाबा सोडून एखादं असं मोठं माणूस हवं ज्याच्याशी ती मोकळेपणाने बोलू शकते. शाळेत जाणाऱ्या मुलाचं काही बिनसलं तर ते बऱ्याचदा सगळ्यात आधी शिक्षकांच्या लक्षात येतं, आणि लोकांच्या काळजीत हा भाग पण असतो, की घरातल्या मुलावर बाहेरच्या कुणाची नजर नाही. आपल्या घरात सगळं चांगलं आहे हे आपल्याला माहीत असतं, पण तरी दारं उघडी ठेवावीत, घरी शिकवणाऱ्यांनी तर जास्तच. वाचन, लेखन आणि गणित पुढे सरकतंय का हे कळायला दर महिन्याला तिने लिहिलेलं एखादं पान आणि सोडवलेली चार गणितं तारीख टाकून फाइलला लावून ठेवा. ती फाइल तुमच्यासाठी आहे, कार्यात फिरवायला नाही. सहा महिन्यांनी चाळलीत की दिसेल, आणि पुढे सरकत नसेल तर तेही दिसेल, मग पद्धत बदला, कुणाची मदत घ्या.

तुमच्या मनात, आणि तुम्हाला बोलणाऱ्यांच्या पण मनात, एक भीती अशी असते की आता परतीचा रस्ता बंद झाला. त्याबद्दल माहिती पक्की ठेवा, कारण अर्धी घालमेल माहिती नसल्याने होते. घरी शिकवण्याबद्दलचा कायदा देशादेशांत वेगळा आहे. जर्मनीत मुलाला शाळेत घालावंच लागतं, घरी शिकवायला जवळपास परवानगीच नाही. अमेरिकेत सगळ्या राज्यांत ते कायदेशीर आहे पण नियम राज्यागणिक वेगळे. इंग्लंडच्या 1996 च्या शिक्षण कायद्यात आईबापांनी मुलाला शाळेत पाठवून किंवा इतर मार्गाने योग्य शिक्षण द्यावं असं लिहिलंय, त्या इतर मार्गात घरचं शिक्षण बसतं. भारतात 2009 चा शिक्षण हक्क कायदा 6 ते 14 वयाच्या मुलांसाठी आहे, त्यात मुलाला शाळेत घालणं हे पालकांचं कर्तव्य म्हटलंय, पण ते न केल्याबद्दल पालकांना शिक्षा किंवा दंड त्यात नाही, आणि घरी शिकवण्यासाठी वेगळी परवानगी किंवा नोंदणी अशी सोय पण नाही. म्हणजे लोक घाबरवतात तसं काही नसलं तरी सगळं अगदी आखीवरेखीव आहे असंही नाही, हे दोघांनी समजून असावं. त्याच कायद्याच्या चौथ्या कलमात आहे की 6 वर्षांवरचं जे मूल शाळेत नाही त्याला वयानुसार योग्य त्या इयत्तेत प्रवेश द्यायचा आणि बरोबरीला यायला खास प्रशिक्षण द्यायचं. शिवाय राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षा संस्था, म्हणजे एनआयओएस, तिथे 14 वर्षं पूर्ण झाली की दहावीच्या परीक्षेसाठी नाव नोंदवता येतं आणि त्याआधी तिसरी, पाचवी, आठवीच्या तोडीचे टप्पे पण आहेत. हे सासूबाईंना जरूर सांगा, नवऱ्याने सांगितलं तर अजून बरं. "दहावीचं काय" हा त्यांच्या मनातला मोठा प्रश्न असणार, आणि त्याला सरळ उत्तर आहे.

तुम्ही विचारलंत मी चुकतेय का. घरी शिकवण्यात चुकताय असं तुमच्या पत्रावरून मला वाटत नाही. पोटदुखी गेली, मूल मजेत आहे, स्वतःहून वही लिहितंय, हे छोटं नाही. आणि पुढे कधी तिलाच शाळेत जावंसं वाटलं तर जाऊ द्या बरं का, लोक "बघा, आलात ना जाग्यावर" म्हणतील म्हणून तिला अडवू नका. तिने शाळा निवडणं म्हणजे तुम्ही हरणं नाही.

कार्याच्या दिवसाचं एवढं करा. त्याआधी नवऱ्याचं त्याच्या आईशी बोलणं झालेलं असू दे. त्या दिवशी लेकीला एखादं काम द्या, पाहुण्यांना पाणी नेऊन देणं किंवा लहान भावंडांना सांभाळणं, हातात काम असलं की मूल लोकांच्या घोळक्यात प्रश्न झेलत उभं राहत नाही. तिच्याशी एक खूण ठरवून ठेवा, तिने येऊन तुमचं बोट दाबलं की तुम्ही तिला घेऊन पाच मिनिटं बाहेर जायचं, कुणाशी कितीही महत्त्वाचं बोलणं चालू असलं तरी. आणि कुणी तिच्यासमोर तिच्या शाळेचा विषय काढलाच तर "ते आपण नंतर बोलू" म्हणा, आणि नंतर बोलायचं की नाही ते तुमचं तुम्ही ठरवा.

तुमची,
ताई